तपासणीचे पैसे उघड घ्या : पुण्यातल्या गॅरेजवाल्यांना खुलं पत्र

पुणे शहर आणि आसपासच्या सर्व गॅरेजमालकांना, मिस्त्रींना, आणि कंपनीच्या वर्कशॉपमध्ये टॅब घेऊन बसणाऱ्या सर्व्हिस ॲडव्हायझर मंडळींना,

स. न. वि. वि.

मी गाड्या दुरुस्त करत नाही. बॉनेट उघडून ऑइलची कांडी पुसून बघता येते, त्यापुढं माझी मजल नाही. पण तुमच्यातल्या काहींच्या वह्या माझ्याकडे असतात. रास्ता पेठेत माझं छोटं ऑफिस आहे. जीएसटी रिटर्न, इन्कमटॅक्स, बँकेच्या कर्जासाठी लागणारे ताळेबंद, अशी कामं मी करते. नाना पेठेतला स्पेअरपार्टचा बाजार हाकेच्या अंतरावर, त्यामुळे माझ्या गिऱ्हाइकांत गॅरेजवाले आणि पार्टवाले बरेच. कुणाचं नाव किंवा कुणाच्या वहीतला आकडा या पत्रात येणार नाही, तेव्हा निर्धास्त वाचा.

लग्नात जेवायच्या पंगतीत, सोसायटीच्या ग्रुपवर, कुठेही गाडीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "गॅरेजवाले सगळे चोर." मला ते पटत नाही. म्हणजे काही जण आहेत, आणि ते कोण हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. पण वहीतून बघितलं की या धंद्यातली लबाडी माणसाच्या स्वभावापेक्षा त्याच्या दरपत्रकात जास्त दिसते. तुम्ही ज्या गोष्टीत हुशार आहात, तिचे पैसे तुम्ही घेत नाही. घेत नाही म्हणून ते दुसरीकडे कुठेतरी घालावे लागतात, आणि जिथे घालता तिथे ते ग्राहकाला सांगता येत नाहीत.

परवाचंच सांगते. माझी गाडी बारा वर्षांची, छोटी हॅचबॅक. पुढच्या डाव्या बाजूनं खडखड यायला लागली. स्पीडब्रेकरवर कमी, खडबडीत रस्त्यावर जास्त, आणि पुण्यात दुसऱ्या प्रकारचा रस्ता सापडणं अवघड. एका मोठ्या वर्कशॉपला दाखवली. तिथल्या मुलानं गाडी लिफ्टवर न घेताच टॅबवर यादी केली : दोन्ही लोअर आर्म, दोन्ही लिंक रॉड, दोन्ही स्ट्रट माउंटिंग, वर व्हील अलाइनमेंट. अठरा हजारांच्या पुढं. तो खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. त्याला शिकवलंच तसं आहे : सस्पेन्शनचा आवाज, गाडीचं वय दहाच्या वर, म्हणजे हे सहा पार्ट.

मग सोमवार पेठेतल्या एका मिस्त्रीकडे नेली. माणूस साठीचा, बोलणं कमी. आधी मला गाडी चालवायला लावली आणि स्वतः पुढं शेजारी बसला. मग मागच्या सीटवर बसला. मग खिडकीतून हात बाहेर काढून दरवाज्याच्या खाली धरला. परत आल्यावर गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले आणि टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आत शिरला. मलाही वाकून बघायला लावलं. लोअर आर्मच्या बुशमध्ये टॉमी घालून जोर दिला. "बघा ताई, रबर फाटलं असतं तर हे असं खळकन हललं असतं. हललं का?" हललं नव्हतं. लिंक रॉड हातानं पिळून दाखवला, तोही घट्ट. शेवटी स्टॅबिलायझर बारच्या, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या, क्लॅम्पचा एक बोल्ट त्याला बोटांनी फिरवता आला. पाना मागवला, बोल्ट आवळला, दुसऱ्या बाजूचाही तपासला, आणि पुन्हा एक चक्कर. आवाज गेला.

किती द्यायचे विचारलं तर म्हणाला, "बोल्ट आवळायचे काय घ्यायचे?" मी पाचशेची नोट ठेवली, ती त्यानं परत केली. पोरांच्या चहाला म्हणून शंभर घेतले, तेही मी हट्ट केला म्हणून.

सगळ्यांनी ऐकून वा वा म्हटलं. मला मात्र राग आला, आणि तो त्या मिस्त्रीचाच आला. कारण त्याची वही माझ्याकडे असते. त्या दिवशी त्याचा पाऊण तास गेला, चाळीस वर्षांचा अनुभव कामाला आला, जॅक, स्टँड, एक पोरगा अडकला, आणि वहीत त्या कामापुढे काही नाही. माझे अठरा हजार वाचवणाऱ्या माणसाला शंभर रुपये मिळाले. मी त्या वर्कशॉपला होकार दिला असता तर त्यांच्या वहीत अठरा हजार पडले असते. ते सगळे नवे पार्ट बसवताना तो सैल बोल्टही बहुधा कुणीतरी आवळला असता, म्हणजे आवाजही गेला असता, आणि 'बघा, पार्टच गेले होते' असं मीच चार जणांना सांगितलं असतं.

आता एक साधा हिशेब मांडते. आकडे कुणाचे नाहीत, समजा म्हणून घेतलेत. शेडचं भाडं २५,०००. दोन पोरं, दोघांचे मिळून ३०,०००. लाइट, पाणी, गॅस, कपडा, हत्यारांची मोडतोड मिळून ५,०००. मालकाच्या घरखर्चाला ४०,०००, पुण्यात याहून कमीत कसं भागतं मला माहीत नाही. झाले महिन्याला एक लाख. महिन्याचे कामाचे तास दोनशे धरा. त्यातले पार्ट आणायला नाना पेठेत जाणं, फोन, उधारी मागणं, "जरा एवढं बघता का" असली फुकटची कामं वजा केली तर बिल लावता येतील असे एकशेवीस तास उरतात. म्हणजे तासाला आठशेच्या वर मजुरी मिळाली तर गॅरेज उभं राहतं. आणि पुढचे ब्रेकपॅड बदलायची मजुरी गल्लीबोळात किती सांगतात? तीनशे. त्यावरही ग्राहक घासाघीस करतो.

उरलेले पैसे येतात कुठून? पार्टमधून. पार्टच्या छापील किमतीवर दुकानदार तुम्हाला सूट देतो आणि ग्राहकाला तुम्ही छापील किंमत लावता, यात काही गैर नाही. तो व्यापार आहे. गैर सुरू होतं ते पुढं. नाना पेठेत काउंटरवर "बिल कितीचं करू?" हा प्रश्न मी स्वतःच्या कानांनी कितीदा तरी ऐकलाय, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात जराही संकोच नसतो. खोक्याशिवायचा लोकल माल असला की मग तर रानच मोकळं, कारण त्याच्यावर किंमतच छापलेली नसते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गरज नसलेला पार्ट. तो बदलण्यात मजुरीही मिळते, सूटही मिळते, आणि ग्राहकाला "काम झालं" असं वाटतं. खरं निदान करून बोल्ट आवळणारा माणूस त्याच महिन्यात भाड्यासाठी उसने घेतो. मी हे वहीत बघितलंय.

म्हणून तुम्हाला माझी पहिली आणि खरं तर एकच मागणी : तपासणीचे पैसे घ्या. उघड घ्या, पाटी लावून घ्या. पुण्यात पाटी लावायला कुणाला संकोच कधीपासून वाटायला लागला? 'तपासणी फी ५०० रुपये. काहीही निघालं नाही तरी.' हे शेवटचं वाक्य ठळक लिहा. ग्राहक कुरकुरतील. नुसतं बघायचे पाचशे का, असं विचारतील. त्यांना सांगा, डॉक्टर नुसतं बघायचेच घेतो.

आणि एक पळवाट आधीच बंद करते. 'आमच्याकडे काम केलं तर तपासणी फ्री' अशी जाहिरात बऱ्याच जणांनी लावलेली आहे. ती काढा. काम निघालं तरच पैसे मिळणार असतील तर तपासणाऱ्याला काम निघावंसंच वाटणार. त्याची नियत कितीही साफ असू दे, महिनाअखेर भाडं द्यायचंच असतं. फी ती फी, मजुरी ती मजुरी, पार्ट तो पार्ट, तीन वेगळ्या ओळी. तिन्ही वेगळ्या दिसल्या की पार्टची किंमत फुगवायची गरजही कमी होते आणि सोयही.

आता श्रद्धेबद्दल. तुमच्या गॅरेजांमध्ये देव नाही असं गॅरेज मी अजून बघितलेलं नाही. काउंटरवर स्वामी समर्थ, कुठे गजानन महाराज, कुठे ७८६ ची चौकट आणि शुक्रवारी दुपारी अर्धं खाली ओढलेलं शटर. बिहार-यूपीकडची पोरं १७ सप्टेंबरला विश्वकर्म्याची पूजा करतात. खंडेनवमीला पाने, जॅक, कॉम्प्रेसर सगळं पुसून त्याला झेंडूची माळ घालता. ते मनापासून असतं, मी पेढे खाल्लेत. हत्यारांना खोटं चालत नाही असं एका मिस्त्रीनं मला त्या दिवशी सांगितलं होतं. बरोबर आहे. ठरावीक जोरानं बोल्ट आवळणाऱ्या टॉर्क रेंचला तुमची जात, गाव, देव काही माहीत नसतं, बोल्ट आवळला आहे किंवा नाही एवढंच त्याला कळतं.

माझी हरकत वेगळी आहे. देवावरची ती श्रद्धा तुम्ही ग्राहकाकडून स्वतःसाठी मागता. बिल मागितलं, जुना पार्ट मागितला, "हे का बदलायचं?" एवढं जरी विचारलं तरी चेहरा पडतो आणि ठरलेलं वाक्य येतं, "माझ्यावर विश्वास नाही का?" या वाक्यापुढं ग्राहक गप्प बसतो. त्यात तो 'आपला माणूस' असेल तर विचारायलाच नको. गावाकडचा, नात्यातला, एकाच मठात जाणारा, मित्राच्या मेव्हण्याचा मित्र. आपल्याकडे गाडी माणूस बघून देतात, काम बघून नाही. आणि आपल्या माणसाकडे पावती मागणं म्हणजे अपमान, असं दोन्ही बाजूंनी धरून चालतात. माझ्या धंद्यात हे मी रोज बघते. सगळ्यात जास्त भांडणं आपल्या माणसांतच होतात, कारण तिथे काहीच लिहिलेलं नसतं.

हिशेब मागणारा ग्राहक तुमच्यावर संशय घेत नाही. तो कामाला किती लागणार हे समजून घेतोय. तुम्ही स्वतः पार्टवाल्याकडून माल घेताना खोकं उघडून, शिक्का बघून, नंबर जुळवूनच घेता ना? तिथे कुणी कुणाला विश्वासाची शपथ घालत नाही.

बिलाबद्दल मला धंद्याचा भाग म्हणून चार गोष्टी सांगायच्याच आहेत, कारण इथे खूप गोंधळ आहे आणि त्या गोंधळाचा फायदाही घेतला जातो.

"बिल पाहिजे असेल तर अठरा टक्के जास्त पडतील." हे वाक्य म्हणणाऱ्यांत जीएसटीची नोंदणीच नसलेली गॅरेजं किती तरी आहेत. मजुरी आणि पार्ट दोन्ही करणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, चांगली सवलत आहे. पण नोंदणी नसेल तर ग्राहकाकडून जीएसटी घेताच येत नाही. एक रुपयाही नाही. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत, असलेल्यांनाही बिलावर टॅक्स वेगळा लावता येत नाही. आणि नोंदणी नाही म्हणजे बिल द्यायचं नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही. साध्या पावतीपुस्तकातली पावती चालते. उलट, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे वस्तू किंवा सेवेचं बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर तक्रार नोंदवता येते, हे तुमच्या ग्राहकांना हळूहळू कळायला लागलंय.

दुसरं, खोक्यावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. एमआरपी लिहून त्याच्या खाली पुन्हा जीएसटीची ओळ मारलेली बिलं माझ्या टेबलावर येतात. ती चूक आहे, मग ती सॉफ्टवेअरची असो की मालकाची. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टांवर सरसकट १८ टक्के दर झाला, त्याआधी बऱ्याच पार्टांवर २८ होता. तो फरक ग्राहकापर्यंत पोचला का, हे ज्यानं त्यानं आपल्या बिलबुकात बघावं.

जुन्या पार्टबद्दल जास्त बोलायला नको. बदललेला प्रत्येक पार्ट नव्याच्या खोक्यात घालून डिकीत ठेवा, ग्राहकानं मागितला नाही तरी. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, एवढं सरळ आहे. ब्रेकपॅड असेल तर दोन मिलिमीटर उरलाय की सात, हे ग्राहकाच्या मुलीलाही पट्टी लावून कळेल. ऑइलचंही तसंच. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत तीन-साडेतीन लिटर ऑइल बसतं आणि बिलावर चार लिटर असतं. उरलेलं कॅनसकट डिकीत ठेवलं तर त्या अर्ध्या लिटरची किंमत कुणी विचारणार नाही. रिकामा कॅन भंगारात देण्याआधी त्याला स्क्रू ड्रायव्हरनं भोक पाडा. ते कॅन कोण विकत घेतं आणि त्यात काय भरलं जातं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

कंपनीच्या वर्कशॉपवाल्यांना वाटेल की हे सगळं गल्लीतल्यांसाठी आहे. तुमच्याकडे बिल चोख असतं, मान्य. छापील, बारकोडसकट. फक्त त्या छापील बिलात एसीचं इव्हॅपोरेटर क्लीनिंग, इंजिन ड्रेसिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनर असं काय काय आधीच टिक करून आलेलं असतं, आणि 'हे नको' म्हणायचं काम ग्राहकाचं. काउंटरवरच्या पोराला महिन्याचं टार्गेट असतं हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्या पोराशी माझं भांडण नाही. टार्गेट ठरवणाऱ्यानं कंपनीच्या मॅन्युअलमधलं वेळापत्रक काउंटरवर लावावं : किती किलोमीटरला काय करायचं. त्याच्या बाहेरचं जे असेल ते ग्राहकानं मागितलं तरच.

छोट्या गॅरेजवाल्यांची एक अडचण मात्र खरी आहे आणि तिच्याबद्दल बाहेर कुणी बोलत नाही. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांच्या, गाड्या ऐकून आणि हात लावून कळत नाहीत. स्कॅनर लावला की कोड येतो, पण कोड म्हणजे निदान नव्हे. पी ०४२० हा कोड आला म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, पुरेसं काम करत नाही, असं गाडीला वाटतंय. खरोखर तोच गेलाय, की ऑक्सिजन सेन्सर चुकीचं सांगतोय, की सायलेन्सरच्या जोडात कुठे गळती आहे, हे पुढं माणसानंच शोधायचं. त्यासाठी कंपनीचं मॅन्युअल लागतं, वायरिंगचा नकाशा लागतो, आणि ते बाहेर मिळत नाही किंवा परवडत नाही. मग अंदाजानं एक पार्ट बदलायचा, नाही गेलं तर दुसरा. पैसे ग्राहकाचे जातात आणि लबाड तुम्ही ठरता.

यावर तुमच्या बाजूनं एक निकाल झाला होता हे किती जणांना माहीत आहे? २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांच्या वर दंड ठोठावला. कारण काय, तर पार्ट, निदानाची साधनं आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू देत नाहीत. पुढं प्रकरण अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारींचंही क्षेत्र आहे. या गोष्टींचा पाठपुरावा एकट्या गॅरेजवाल्याला जमणार नाही, संघटनेला जमेल. तुमच्या संघटनांच्या सभेत पार्किंग आणि अतिक्रमण कारवाई यांच्या जोडीला हा विषय एकदा घ्या.

तोवर मधल्या काळात एक वाक्य शिका, आणि ते शरमेचं समजू नका : "हे मला कळत नाही, अमक्याकडे न्या." इलेक्ट्रिकचं काम नीट येत नसेल तर ज्याला येतं त्याच्याकडे पाठवा, आणि त्याच्याकडून कमिशन घेऊ नका. तपासणी फी मात्र घ्या, तुमचा वेळ गेलेला आहे.

ग्राहकांनाही या पत्रात चार शब्द ऐकवल्याशिवाय राहवत नाही, कारण तेही हे वाचणार आहेत. तुम्हीच गॅरेजवाल्याला आधी खोटं शिकवता आणि मग तो खोटा निघाला म्हणून रडता. तुमच्या मागण्या ऐका : बंपरला मागच्या वर्षीचा ओरखडा आहे, तो या वर्षीच्या विम्याच्या क्लेममध्ये बसवा. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागावर निम्मी घट कापतात, म्हणून मजुरी फुगवून तेवढं भरून काढा. बिल नको, कॅशमध्ये किती कमी करता ते सांगा. गाडी न नेताच पीयूसी काढून ठेवा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा, आणि जुलै २०२४ मध्ये खडकवासल्याचं पाणी सोडल्यावर सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंग बुडालं तेव्हा, जाणत्या मिस्त्रींचा सल्ला एकच होता : चावी फिरवू नका, गाडी टो करून आणा. इंजिनात पाणी गेलं असेल आणि स्टार्टर मारला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि पाण्यात बुडालेली गाडी चालू केल्यानं झालेलं इंजिनचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, त्याला वेगळं इंजिन प्रोटेक्शन लागतं. तरीही लोक स्टार्टर मारतात आणि मग गॅरेजवाल्याला म्हणतात, "सर्व्हेअरला सांगा, हात पण लावला नव्हता." जो तुमच्यासाठी विमा कंपनीशी खोटं बोलतो, तो तुमच्याशी खरंच बोलेल असं कशावरून धरता? त्याची जीभ तुम्हीच सैल केलीत.

आणि गॅरेजवाले मंडळी, तुम्ही हे नाकारायला शिका. "असलं बिल आमच्याकडे होत नाही" म्हटल्यावर दोन गिऱ्हाइकं जातील. गेलेल्यांतलं एक कदाचित माझ्याकडे येऊन हेच काम मागेल, त्याला मीही हाकलते.

राहिलं जॉबकार्ड. गाडी आत घेताना किलोमीटर, इंधन किती, तक्रार ग्राहकाच्या शब्दांत, तपासणी फी, अंदाजे खर्च आणि खाली ग्राहकाची सही. अंदाजापेक्षा खर्च वाढणार असेल तर आधी फोन, आणि फोनची वेळ कार्डावर. नंतर तपासात काय निघालं, कुठला पार्ट, कुठल्या कंपनीचा, ओरिजिनल की लोकल, त्याचा नंबर. 'लोकल' लिहायला लाजू नका. लोकल पार्ट स्वस्त असतो आणि काही ठिकाणी तो पुरतोही. लोकल लावून ओरिजिनल लिहिलं की मात्र तो तुमचा शेवटचा व्यवहार समजा. एका पानात हे सगळं बसतं, मी बसवून बघितलंय.

ज्यांच्या वह्या माझ्याकडे आहेत, त्यांनी या महिन्याचे कागद वीस तारखेच्या आधी, नेहमीप्रमाणे एकोणीसच्या रात्री नव्हे, आणून द्यावेत. प्रत्येकाला जॉबकार्डांचं एक कोरं पुस्तक देणार आहे, पन्नास पानांचं, कार्बनसकट. पहिल्या पुस्तकाची छपाई माझ्याकडून. दुसऱ्यापासून तुमच्या खर्चात धरीन.

आपली,
रास्ता पेठेतली एक हिशेबनीस
पुणे